भिशी लागली! आता गोधडीवर खर्च कुठे करायचा?

भिशी लागली, बोनस आला किंवा एखादी एफडी सुटली, की गोधडी शिवणाऱ्याचे पाय आपोआप शीतलामाता बाजाराकडे वळतात. इंदुरात हा मोह टाळणं अवघडच. मिलचे भोंगे कधीच थांबले (हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली), पण कापडाचा बाजार शहरातून हलला नाही. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट आहे, शीतलामाता आहे, रेडीमेडच्या कारखान्यांतून निघणारी कतरण किलोवर मिळते. हजार-दोन हजारांत पिशवी भरते आणि ती पिशवी घरी येऊन आधीच्या पाच पिशव्यांवर बसते.

म्हणून कापड शेवटी. आधी अर्धवट पडलेली कामं काढून जमिनीवर मांडा आणि ती कुठल्या पायरीवर अडली आहेत ते बघा. तुकडे कापायचाच कंटाळा आला असेल तर पैसा कापण्याच्या साधनांवर जायला हवा. वरचा थर जोडून तयार आहे पण भरलेला नाही, तर भरण आणि टाचणीवर. भरून झालं पण टाके पडत नाहीत, तर सुई, दोरा आणि दिव्यावर. बहुतेकांचं काम दुसऱ्या पायरीवर अडलेलं सापडेल, आणि खरेदी मात्र नेमकी तिथे कधीच होत नाही.

हिशोबाला एक नमुना धरू: ५ इंचाचे चौकोन, शिवल्यावर साडेचार इंचाचे. आडवे १४, उभे २०, एकूण २८० तुकडे. तयार गोधडी ६३ × ९० इंच, म्हणजे एका पलंगाची, अंगाखाली खोचायला थोडी जास्त. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून काठ सोडून एका पट्टीत ८ चौकोन निघतात, म्हणजे ३५ पट्ट्या लागतात. आटणं आणि कडा सरळ करणं धरून एकूण ५ मीटर कापड. एवढंच! कपाटात किती मीटर पडलंय ते मोजून बघा, मग बाजारात जायचं का ते ठरवा.

आता कापणं. कात्रीने २८० चौकोन कापले तर प्रत्येक तुकड्यात थोडा फरक येतोच, कारण खालचं पातं कापड उचलतं. रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा), त्याखाली अंथरायची मॅट आणि जाड ॲक्रिलिकची पट्टी या तीन वस्तू एकत्रच घ्याव्या लागतात, एकीशिवाय दुसरी निरुपयोगी. कटर ४५ मिलिमीटरचा घ्या. सुती कापडाचे चार थर तो आरामात कापतो. २८ मिलिमीटरचा गोलाईसाठी चांगला, पण पहिला म्हणून नको. पातं बोथट झाल्याचं लक्षण म्हणजे कापताना मधेच एखादा धागा सुटतो. दर ठरावीक अंतरावर सुटत असेल तर पात्याला एका जागी खाच पडली आहे, बहुधा टाचणीवरून गेलं आहे. जास्तीची पाती कटरबरोबरच घेऊन ठेवा. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, जोराने पट्टी सरकते, आणि पट्टी सरकली की बोट कापतं.

पट्टी किमान ३ मिलिमीटर जाड आणि ६ × २४ इंच हवी. पातळ पट्टीवर पातं चढतं. घेताना दोन पट्ट्या एकावर एक ठेवून खुणा जुळतात का बघा. स्वस्त पट्ट्यांची छपाई बऱ्याचदा सरकलेली असते. नेमप्लेट करणारे ३ मिलिमीटर ॲक्रिलिक लेझरवर कापून देतात. त्यांच्याकडून बरोबर ५ इंचाचा चौकोन करून घेतला तर तो वर्षानुवर्षं पुरतो, आणि मागच्या बाजूला बारीक पॉलिश पेपरचे चार ठिपके चिकटवले की कापडावर सरकत नाही.

मॅट ए२ मापाची चालते, जागा असेल तर ए१. मॅटचे दोन शत्रू इंदुरात हमखास भेटतात: चहाचा गरम कप आणि मे महिन्याचं ऊन. गच्चीवरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली मॅट उन्हाळ्यात वाकते आणि पुन्हा कधी सपाट होत नाही. पलंगाच्या गादीखाली आडवी ठेवा. तिच्यावर इस्त्री? चुकूनही नाही.

कापडाच्या पट्ट्या कापल्यावर मधोमध इंग्रजी व्हीसारखा कोन दिसला तर दोष कटरचा नाही. कापडाची घडी तिरकी पडली होती. दोन्ही काठ एकमेकांवर आणून घडीला सुरकुती येते का बघायचं, आणि सुरकुती जाईपर्यंत वरचा काठ डावीउजवीकडे सरकवायचा. दुकानातून आलेली घडी कधीच खरी धरू नये.

जोडताना शिवणीला सोडायचं माप दोन सूत, म्हणजे पाव इंच. इथे मशीनसाठी पाव इंचाचा फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग) घेणं हा सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक पाडणारा खर्च आहे. हिशोब करा: प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांचं कापड अर्धा-अर्धा सूत जास्त गेलं, तर १४ चौकोनांच्या रांगेतल्या १३ शिवणींत १३ सूत, म्हणजे १ इंच ५ सूत गायब. उभ्या बाजूला १९ शिवणींत २ इंच ३ सूत. सगळ्या रांगांत हा फरक सारखा पडला तर गोधडी फक्त लहान होते. पण एका रांगेत पडला आणि दुसरीत नाही, तर कोपरे जुळत नाहीत आणि मग दोष कापडाला दिला जातो. फूट घेण्याआधी तो ज्याला बसतो तो मशीनचा दांडा आखूड आहे की उंच, ते दुकानदाराला दाखवून घ्या. घरगुती मशीन बहुतेक आखूड दांड्याच्या असतात, पायाच्या काळ्या मशीनसुद्धा.

त्या काळ्या मशीनबद्दल दोन शब्द. ती विकून नवीन, शंभर डिझाइनवाली घ्यायचा विचार असेल तर जरा थांबा. तुकडे जोडायला फक्त सरळ टाका लागतो आणि काळ्या मशीनइतका सरळ टाका नव्यांतल्या बऱ्याच मशीन देत नाहीत. नव्या मशीनऐवजी चांगल्या कारागिराकडून सर्व्हिसिंग करून घ्या: दाते साफ, बॉबिनकेसची पट्टी गुळगुळीत, पट्टा बदललेला. आणि सुई बघा. घरगुती मशीनला दुकानात बऱ्याचदा १६ किंवा १८ नंबरची सुई हातात देतात. ती जीन्सला ठीक. सुती तुकडे जोडायला १२ नंबर किंवा ११, तिन्ही थर (वरचे तुकडे, मधलं भरण, खालचं अस्तर) शिवायला १४. सुमारे आठ तास शिवल्यावर सुई बदलायची, तुटायची वाट बघायची नाही. टाका सुटायला लागला, टकटक आवाज येतो, की लोक टेन्शन फिरवतात; दहापैकी नऊ वेळा दोष सुईचा निघतो.

तिन्ही थर मशीनवर शिवायचे असतील तर वॉकिंग फूट घ्या. साध्या फुटाखाली खालचे दाते अस्तर पुढे ओढतात आणि फूट वरचा थर मागे धरतो, म्हणून शेवटाला वरच्या कापडाची चुणी जमा होते. वॉकिंग फुटाला वरूनही दाते असतात. त्याचा दुभागलेला दांडा सुईच्या स्क्रूवर नीट बसला पाहिजे. बाजूला राहिला तर वरचे दाते चालत नाहीत आणि फूट निकामी असल्यासारखा वागतो. टाका थोडा लांब, ३ मिलिमीटरचा. आणि हा फूट फक्त सरळ किंवा हलक्या वळणाच्या ओळींसाठी आहे. वेलबुट्टी काढायला वेगळा रफूचा फूट लागतो आणि दाते खाली करावे लागतात. काळ्या मशीनला ती सोय नसेल तर दात्यांवर प्लेट लावून टाक्याची लांबी शून्यावर आणायची.

खरी अडचण मशीनच्या पोटाची असते. घरगुती मशीनमध्ये सुईपासून खांबापर्यंत साधारण साडेसहा-सात इंच जागा, आणि मधली ओळ घालताना त्यात अर्ध्या गोधडीची गुंडाळी बसवायची. मोठ्या पोटाची मशीन महाग पडते. कारखान्यातली सेकंडहँड औद्योगिक मशीन हा एक मार्ग आहे. पोट दहा इंचांच्या आसपास, टाका उत्तम, पण ती फक्त सरळ शिवते, जागा खाते आणि जुनी क्लच मोटर असेल तर पाय ठेवताच पळते. सर्वो मोटर बसवून घेतली तर वेग हातात राहतो आणि शेजारीही तक्रार करत नाहीत. तिला सुई वेगळी, गोल दांड्याची लागते. घरातली चपट्या दांड्याची चालत नाही. बिनपैशाचा मार्ग म्हणजे गोधडी तीन भागांत करणं. पाच, पाच आणि चार उभ्या रांगांचे तीन पट्टे वेगवेगळे भरून शिवायचे आणि मग जोडायचे. मागच्या बाजूला सांध्यावर पट्टी येते, ती रंगीत घेतली तर मुद्दाम लावल्यासारखी शोभते.

भरणाकडे येऊ, कारण इथे लोक उगाच काटकसर करतात. वर बाग गावचं प्रिंट, खाली सुंदर अस्तर आणि आत जे मिळेल ते! नमुन्याच्या गोधडीला चारी बाजूंनी ४ इंच जास्त धरून ७१ × ९८ इंच भरण लागतं, म्हणजे साडेचार चौरस मीटर. १०० जीएसएमचं (चौरस मीटरला १०० ग्रॅम) घेतलं तर ४५० ग्रॅम, १५० चं घेतलं तर पावणेसातशे ग्रॅम. इंदूरच्या थंडीला, वरखाली दोन सुती थर धरून, १०० ते १५० पुरेसं आहे. २०० च्या वरचं भरण हाताने शिवायला सुईला जड जातं आणि टाका मोठा पडतो.

पॉलिस्टरचं भरण हलकं आणि लवकर वाळणारं, पण स्वस्त मालाचे तंतू टाक्याच्या भोकातून आणि विरळ कापडातून वर येतात. गडद निळ्या-काळ्या गोधडीवर पांढरी लव दिसते ती हीच, आणि ओढून काढली तर आणखी येते. घेताना पृष्ठभाग हाताने घासून बघा. दोन्ही बाजूंनी उष्णतेने बांधलेलं असेल तर लव हाताला येत नाही. सुती भरण अंगाला बरं, जड आणि अंगावर नीट पडणारं, पण ते आटतं. किती अंतरावर टाके हवेत ते पाकिटावर लिहिलेलं असतं, तो सल्ला नाही, अट आहे. पिंजलेली रुई वापरत असाल तर टाक्यांच्या ओळींत तीन इंचांपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर दुसऱ्या धुण्यात गोळे होतात. भरणाचा पन्हा कमी पडला तर तुकडे एकमेकांवर चढवू नका. कडेला कड लावून मच्छी टाक्याने सैल जोडा. चढवलेला सांधा गोधडीत आयुष्यभर हाताला लागतो.

आणि ज्यांच्या कपाटात आजीची साधी सुती नऊवारी आहे त्यांना भरण विकत घ्यायचं कारणच नाही. नऊवारीचे अडीच मीटरचे तीन तुकडे निघतात. कडेला कड जोडले की साधारण १३५ इंच रुंदी होते; मधोमध दुमडली की ६७ इंचांचे दोन थर, ६३ च्या गोधडीला पुरेसे. जरीचा काठ मात्र कापून टाका, जरीची तार आत राहून दोरा कापते. दोन काठ गेल्यावर रुंदी कमी पडली तर उरलेल्या पदराची पट्टी जोडता येते.

अस्तरावरही थोडा जास्त पैसा टाकायला हरकत नाही. ४४ इंच पन्ह्याचं घेतलं तर सव्वापाच मीटर आणि मधोमध शिवण. चादरीचं १०८ इंच पन्ह्याचं सुती कापड घेतलं तर ९८ इंचांची लांबी पन्ह्यातच बसते आणि २ मीटरमध्ये काम होतं, शिवण नाही. फक्त विण फार दाट नको. चादरीचं दाट विणीचं, गुळगुळीत कापड हाताच्या सुईला अडवतं. दुकानात सुई बरोबर न्या आणि कोपऱ्यात एक टाका घालून बघा. दुकानदार हसेल, हसू दे. गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला, अर्ध्या मीटरहून थोडं जास्त: अडीच इंचाच्या ८ पट्ट्या, तिरक्या जोडून ३१८ इंच होतात, आणि घेर ३०६. सरळ कडांना सरळ पट्टी चालते; कोपरे गोल असतील तरच उरेप (तिरकी कापलेली) पट्टी, आणि तिला कापड जास्त.

थर टाचायला वाकड्या सेफ्टी पिना घ्या. चार इंचांच्या अंतरावर लावल्या तर साडेतीनशेच्या आसपास लागतात. एक डबी आणून काम भागत नाही, तिथेच लोक हात आखडतात आणि मग अस्तराला चुण्या पडतात. गंज न धरणाऱ्या घ्या, कारण आपल्याकडे टाचलेली गोधडी जूनपासून गणपतीपर्यंत तशीच पडून राहते आणि गंजाचा डाग जाता जात नाही. पिना नको असतील तर कच्चा टाका, लांब आणि पांढऱ्या दोऱ्याने. रंगीत दोऱ्याचा रंग उतरतो.

हाताच्या टाक्यांसाठी पर्ल कॉटन (जाड पिळाचा सुती दोरा) ८ नंबर. अँकरचा १० ग्रॅमचा गोळा ८५ मीटरचा येतो. इंचा-इंचावर उभ्या ओळी घातल्या तर ६२ ओळी, प्रत्येकी ९० इंच, म्हणजे १४२ मीटर. खालीवर जाणं आणि गाठी धरून १७०. म्हणजे बरोबर दोन गोळे, म्हणून तीन घ्या. तोच रंग पुन्हा आणला तरी छटा तीच येईल याची खात्री नसते. लेबलावरचा लॉट नंबर बघून एकदमच घ्या. सुई छोटी आणि मोठ्या नेढ्याची. लांब सुई वाकते आणि तीन थरांतून तिचं टोक नेमकं कुठे निघेल ते कळत नाही. अंगुस्तान धातूचं, खोल खळग्यांचं, मधल्या बोटाला घट्ट बसणारं. सैल असेल तर आत कागदाची पट्टी. चष्मा लागला असेल तर दिव्यावर खर्च करा: पांढऱ्या उजेडाचा टेबललॅम्प, उजव्या हाताने शिवत असाल तर डावीकडून.

इस्त्रीची एक युक्ती. महागडा लोकरी मॅट घेण्याऐवजी १८ मिलिमीटरच्या प्लायवर जुन्या घोंगडीचे दोन थर ताणून बसवा आणि वर जाड सुती कापड. लोकर उष्णता धरून ठेवते आणि तुकडा दोन्ही बाजूंनी दाबला जातो. प्लाय साधा हवा, सनमायका लावलेला वाफेने सुटतो. इस्त्री फिरवायची नाही, उचलून ठेवायची. फिरवली की चौकोनांचे पतंग होतात.

खुणांच्या पेनांवर पैसे घालू नका. निळा, पाण्याने जाणारा पेन इस्त्रीखाली आला की कायमचा बसतो, आणि उष्णतेने जाणारा गडद कापडावर पांढुरकी रेघ सोडतो. अंघोळीच्या साबणाची वाळलेली चिपटी शिंप्यांनी उगाच वापरलेली नाही. साचे, पट्ट्यांचे सेट, गोंडस डब्या यांवर बोलण्यासारखं काही नाही.

एवढं करून पैसे उरले तर कापड, आणि मग मात्र चांगलं. आपण माळव्यात राहतो, याचा फायदा घ्यावा: धार जिल्ह्यातलं बाग, उज्जैनजवळच्या भेरूगढचं बाटीक, महेश्वरचं हातमाग. बागच्या कापडाचा लाल आणि काळा खूप वेळा धुतला तरी थोडा सुटतो. मीठ किंवा व्हिनेगर घालून रंग पक्का होत नाही, हा गैरसमज घरोघरी आहे. सौम्य साबण, कोमट पाणी आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं, बस. मग ओल्या तुकड्यावर पांढरं कापड ठेवून इस्त्री दाबा; डाग आला तर आणखी एक धुणं. बागचा काळा लोखंडापासून होतो आणि लोखंडाचा रंग कापड कालांतराने कुरतडतो, म्हणून काळ्या जमिनीचा तुकडा जिथे हात सारखा लागतो तिथे, म्हणजे गोटाला, लावू नका.

महेश्वरीत उभा ताणा रेशमाचा, आडवा बाणा सुताचा असतो बऱ्याचदा; ती सरकते आणि कडेने उसवते. मागून पातळ चिकटवायचं अस्तर लावून मगच कापा, शिवणीला दोनऐवजी तीन सूत सोडा, सुई ९ किंवा १० नंबर. रोज धुवायच्या गोधडीत ती नकोच, भिंतीवर टांगायच्या कामाला ठेवा.

सुती म्हणून दिलेलं कापड सुतीच आहे का, हे दोन धागे ओढून जाळलं की कळतं: सूत कागदासारखं जळतं आणि राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. कतरणीच्या पिशवीत हे आवर्जून करा, आणि होजियरीचे ताणणारे तुकडे बाजूला काढा. बाटीक कडक लागलं तर त्यात मेण उरलंय. ते सुईच्या नेढ्यात जमतं आणि दोरा तुटत राहतो. मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यातून काढा, पाणी गार होऊ द्या आणि वर आलेली मेणाची साय काढून मगच पाणी टाका. गरम असताना मोरीत ओतलं तर मेण नळीत जाऊन थिजतं.